सायकल जरूर चालवा, पण वाट कुणाची ते आधी विचारा

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. वाचून झाल्यावर शिव्या द्यायच्या असतील तर कमेंटमध्येच द्या, इनबॉक्समध्ये नको. सगळ्यांना कळू दे.

विषय सायकलचा आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. चार टप्पे, ४३७ किलोमीटर, देशोदेशीचे खेळाडू. एक टप्पा थेट बारामतीपर्यंत आला. आपल्याकडची पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडली, मीपण ओरडलो. तेव्हापासून आमच्या कळस, वालचंदनगर, भिगवण पट्ट्यात सायकलचं वारं शिरलंय. चांगलंच आहे. पोरं मोबाईल खिशात ठेवून दोन तास घाम गाळत असतील तर मी कशाला नाकं मुरडू?

पण आता या वाऱ्याला नवीन फाटा फुटलाय. त्याचं नाव ग्रॅव्हल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्रॅव्हल म्हणजे खडी. ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी, वाकड्या हँडलची. पण टायर जाड, साधारण चाळीस मिलिमीटरच्या आसपास, आणि हवा कमी भरायची. त्यामुळं खडी, मुरूम, माती, बांध कशावरूनही जाते. डांबर सोडून आत शिरायचं, हीच तिची मजा. हे फॅड जगभर आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यात २००६ पासून दोनशे मैलांची अशी शर्यत होते. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

माझ्या भाच्यानं अशी सायकल घेतली. किंमत मी इथं लिहीत नाही, त्याची आई माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. तो म्हणाला, "मामा, कोकणात खाडीकाठच्या बांधांवरून लोक सायकली चालवतात. जाऊया का?" डिप्लोमाचा माझा एक बॅचमेट पोयनाडच्या बाजूला राहतो, तोही पत्रकारच. फेब्रुवारीत दोन दिवसांची सवड काढली आणि गेलो. भाच्याची नवी सायकल आणि माझी जुनी गिअरवाली.

वडखळ सोडून अलिबागच्या रस्त्याला लागलं की धरमतरची खाडी येते. तिच्या काठानं पसरलेला सखल पट्टा म्हणजे खारेपाट. भरतीचं पाणी इथं मुळात आतपर्यंत यायचं. माणसांनी चिखलाचे बांध घालून समुद्र अडवला आणि आत भातशेती केली. बांधाला दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला दार मिटतं. बांधाच्या बाहेर खारफुटी, चिखल, खेकडे, बगळे. बांधाच्या आत भाताची खाचरं, आणि घराजवळच्या तळ्यात जिताडा. गोव्यात अशाच जमिनीला खाजन म्हणतात.

आणि बांधाच्या माथ्यावर असते दोन-तीन हात रुंद मातीची वाट. ग्रॅव्हल सायकलवाल्यांची नजर तिच्यावर.

खोटं कशाला बोलू, मजा आली. एका बाजूला भाताची कापणी झालेली रानं, दुसऱ्या बाजूला खारफुटीची हिरवी भिंत, वारा तोंडावर, गाड्यांचा आवाज नाही. भाचा मध्येच थांबला, हात पसरले आणि म्हणाला, "मामा, केवढं मोकळं आहे हे! इथं काहीच नाही!"

बॅचमेट हसला. म्हणाला, "काहीच नाही? हे खाचर अमक्याचं, ते तळं तमक्याचं. ती काठी रोवलीय तिथं खेकडे धरणाऱ्या बाईची जागा. आणि चरी गाव याच पट्ट्यातलं." चरीचं नाव ऐकून मी सायकलवरून खाली उतरलो. १९३३ ते १९३९, सहा वर्षं इथल्या कुळांनी खोतांच्या विरोधात संप केला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. जमीन कसायचीच नाही म्हणाले. उपाशी राहिले, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. डिप्लोमाला आम्ही हे वाचलं होतं, परीक्षेपुरतं. आता त्याच मातीवर आम्ही सेल्फी काढत होतो आणि म्हणत होतो की इथं काहीच नाही.

पुढं एक म्हातारे काका बांधाला चिखलाचे ढेकळं लावत होते. आम्हाला बघून हात वर केला. "दादा, इथनं सायकल उचलून न्या."

भाच्याला राग आला. सायकलीनं काय होतंय, ट्रॅक्टर थोडाच आहे? काकांनी शांतपणे दाखवलं. खेकड्यांच्या बिळांनी बांध आतून पोकळ होतो. माथ्यावर ओली जागा असेल तर चाकाची चाकोरी पडते. पावसाळ्यात तिच्यात पाणी साठतं, ते एका जागेवरून बाहेर पडायला लागतं, माती धुपते. मग मोठ्या उधाणाला नेमकी तीच जागा फुटते. त्याला तिथं खांड जाणं म्हणतात. खांड गेली की खारं पाणी शेतात, आणि मग त्या रानात पुढची काही वर्षं भात विसरायचं. बांध फुटून शेतातच खारफुटी उगवली, ही तक्रार अलिबाग-पेणचे शेतकरी वर्षानुवर्षं करत आलेत. आणि एकदा खारफुटी उगवली की ती तोडता येत नाही. हायकोर्टानं २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खारफुटी तोडायला मनाई केलीय. तो निकाल बरोबरच आहे, खारफुटी किनारा राखते. पण शेतकऱ्याचं रान मात्र गेलेलं असतं.

मी विचारलं, "काका, बांधाचं काम सरकारचं ना?" १९७९ चा खारभूमी विकास कायदा मला माहीत होता, म्हणून जरा शहाणपणानंच विचारलं. काका म्हणाले, "सरकार येईल तेव्हा येईल. उधाण थांबतंय का?"

आम्ही सायकली उचलल्या. शंभरेक पावलं खांद्यावर नेल्या.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कोकणातलं. कळसला समुद्र कुठाय? पत्रकार भरकटला.

भरकटलो नाही. परतीच्या वाटेवर भाचा म्हणाला, "आपल्याकडं बरंय, आपल्याकडं माळ आहे. बांध नाही, भरती नाही, कुणी अडवणार नाही." ते ऐकून मी ही पोस्ट लिहायचं ठरवलं.

आपल्याकडं काय आहे? शेजारी कडबनवाडीचा माळ आहे. पलीकडं बारामती तालुक्यात शिर्सुफळ, सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य. या माळांवर चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे. चंडोल, धाविक, पखुर्डी हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवीसुद्धा. अंडी खड्यांच्या रंगाची असतात. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, मग पंचवीस-तीसच्या वेगानं जाणाऱ्या चाकाला काय दिसणार?

सरकारी कागदावर या जमिनींना काय म्हणत आलेत? पडीक. खारफुटीच्या चिखलालाही शहरातली माणसं तेच म्हणत आली, पडीक दलदल. एकदा पडीक म्हणलं की झालं. कुणी झाडं लावायला येतो, कुणी कारखाना टाकायला, कुणी प्लॉट पाडायला. आता सायकलवाले. सायकलवाले त्यातले सगळ्यात गरीब आणि सगळ्यात सभ्य, हे मला मान्य आहे. पण बघायची नजर तीच, इथं काहीच नाही.

मध्यंतरी एका ग्रुपवर नकाशा फिरला. माळावरून आखलेली तांबडी रेघ. काही ठिकाणी ती जुन्या गाडीवाटेनं जाते आणि काही ठिकाणी सरळ गवतातून, कारण तिथून उतार चांगला मिळतो. मी त्या बाजूला जाऊन बघितलं. गवतात चाकांच्या ताज्या रेघा होत्या. ओल असताना गेलेल्या. एक गेला, त्याच्यामागं दुसरा, आता तिथं वाटच पडलीय.

तिथं मेंढरं राखणारे एक आबा भेटले. म्हणाले, "काय ओ पत्रकार, ही पोरं कुठली? परवा एकदम खाली आली, मेंढरं चौवाटा पांगली. कुत्रं मागं लागलं तर कुत्र्यालाच शिव्या दिल्या." मी म्हणलं, आबा, तुम्ही बोलला का त्यांना? तर म्हणाले, "काय बोलायचं? चराईबंदी असते तिथं आमची मेंढरं गेली की पावती फाटती. ह्यांचा मात्र फोटो निघतो."

या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडं असेल तर सांगा.

ज्या वाटांना आपण ट्रेल म्हणतोय त्या वाटा पाडल्या कुणी? पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांच्या पायांनी, बैलगाड्यांनी, सरपण आणणाऱ्या बायांनी. खारेपाटातला बांध जसा काकांच्या चिखलावर उभा आहे, तशी माळावरची वाट आबांच्या मेंढरांनी राखलीय. आपण पाहुणे. पाहुण्यानं यावं, जेवावं, कौतुक करावं. पण येताना दार वाजवावं.

आता दुसरी बाजू, कारण ती न मांडता लिहिलं तर मी बेइमान.

काही सायकलप्रेमी मंडळी लिहितात की गावाकडचे कच्चे रस्ते वाचवा, डांबर टाकू नका, त्यातच सौंदर्य आहे. दादांनो, हे वस्तीवर येऊन बोलून दाखवा. पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल चाकाला असा धरतो की सायकल ढकलतासुद्धा येत नाही. त्याच चिखलातून पोरी शाळेला जातात. त्याच चिखलातून दुधाचे कॅन डेअरीला जातात. रात्री बाळंतिणीला न्यायचं असेल तर गाडी वस्तीपर्यंत येत नाही. तुमची रविवारची हौस ही आमची वर्षभराची अडचण आहे. वस्तीचा रस्ता पक्काच झाला पाहिजे, त्यात काडीची तडजोड नाही.

पण वस्तीचा रस्ता वेगळा आणि माळाची वाट वेगळी. पहिली माणसांच्या रोजच्या गरजेची. दुसरी जशी आहे तशीच बरी. गडबड इथं होते. वस्तीचे रस्ते तसेच राहतात, आणि पर्यटनाच्या नावाखाली माळावर मुरूम पडतो, मग डांबर, मग टपरी, मग कमान आणि कमानीवर नाव. आपल्याला हा क्रम पाठ आहे.

चांगली गोष्ट घाईनं आणली की काय होतं हे आपल्या तालुक्याला कुणी शिकवायची गरज नाही. नीरेच्या काठची रानं बघा. नीरा डाव्या कालव्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पाणी आणलं, दुष्काळी मुलखात ऊस उभा राहिला. ते पाणी नसतं तर आपले आजे-पणजे देशोधडीला लागले असते. पण पाणी आणलं आणि निचऱ्याचा विचार मागं राहिला. जमिनीखालचं पाणी वर आलं, त्याच्याबरोबर क्षार वर आले, रानं पांढरी पडली. १९१० मध्येच मान आणि ताम्हाणे या कृषी खात्याच्या दोन शास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अख्खी पुस्तिका लिहिली होती. शंभरावर वर्षं झाली, चोपण रानं अजून आहेत, अजून आपण चर काढतोय. म्हणजे समुद्र नसला तरी खारेपाट आपल्याकडंही आहे, आपणच केलेला. पाणी वाईट नव्हतं. जास्तीचं पाणी कुठून बाहेर जाणार हे आधी ठरवलं नव्हतं, तिथं चुकलं.

सायकलींचं तेच व्हायला नको. येऊ द्या, पण किती, कुठून आणि कधी, हे आधी ठरवा.

आणि हे जमतं. वनविभागानं २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. आधी ऑनलाइन नोंदणी, ठरलेली वाट, सोबत स्थानिक मार्गदर्शक. गाडीसाठी नियम असू शकतात तर सायकलसाठी का नाही? मघाशी कॅन्ससची शर्यत सांगितली. तोही गवताळ प्रदेशच आहे. पण शर्यत धावते ती तिथल्या गुरं पाळणाऱ्यांच्या, आधीपासून असलेल्या खडीच्या रस्त्यांवरून. गवत तुडवत नाही.

माझ्या डोक्यात जे आहे ते सरळ मांडतो. चुकलं तर दुरुस्त करा.

१. नवी वाट पाडायची नाही. जुनी गाडीवाट, कालव्याच्या भरावावरचा रस्ता, शिवरस्ता, एवढंच. गवतात चाक घालायचं नाही. कालव्यावर जाताना जपून, भरलेल्या कालव्यात पडलेला माणूस अस्तरामुळं सहज वर येत नाही.

२. ओल असताना जायचं नाही. पावसाळ्यात तर नाहीच. ओल्या मातीतली चाकोरी वर्षभर राहते. काका म्हणाले ते माळालाही लागू.

३. उन्हाळा लागला की माळ पक्ष्यांसाठी सोडायचा. उघड्यावर अंडी घालायचे तेच दिवस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम आपल्याला भरपूर आहे, आणि तसंही एप्रिलमध्ये इंदापूरच्या उन्हात सायकल चालवणाऱ्यानं आधी डॉक्टर गाठावा.

४. दिवस उगवायच्या आधी आणि मावळल्यावर नाही. त्या वेळा लांडग्याच्या आणि खोकडाच्या. ड्रोन नाही, स्पीकर नाही.

५. वनाची जमीन असेल तर वनविभागाची परवानगी, कालवा असेल तर पाटबंधाऱ्यांची, गायरान असेल तर ग्रामपंचायतीची. आणि मार्ग ठरवायच्या बैठकीत मेंढपाळ बसला पाहिजे. खुर्चीवर. कोपऱ्यात उभा नाही.

६. पैसा गावात राहिला पाहिजे. मार्गदर्शक गावचा, भाकरी-पिठलं गावच्या बचत गटाचं, पंक्चर गावच्या दुकानात. पंक्चर तर होणारच. आपल्याकडचा सराटा आणि वेड्या बाभळीचा काटा कुठल्याही परदेशी टायरला ऐकत नाही.

हे काही फार मोठं मागणं नाही. एक ग्रामसभा, एक नकाशा आणि चार पाट्या, एवढ्यात होतं. पण हे आत्ता केलं पाहिजे, दहा-वीस सायकली आहेत तोवर. दोनशे झाल्या, त्यांच्या मागं हॉटेलं आली, की मग कुणी कुणाचं ऐकत नाही. उजनीच्या काठाला भिगवण, कुंभारगावला बघा. रोहित पक्षी बघायला माणसं यायला लागली तेव्हा तिथल्या मच्छीमारांनीच नावा काढल्या, तेच वाटाडे झाले, पक्ष्यांची नावं शिकले. म्हणून त्या धंद्यात त्यांचा शब्द आहे. माळाच्या बाबतीत आबांचा शब्द का नसावा?

भाच्याबद्दल राहिलं. गेल्या रविवारी तो पुन्हा माळावर गेला, या वेळी जुन्या गाडीवाटेनं. आबा दिसले तशी लांबूनच सायकलवरून उतरला, चालत त्यांच्याजवळ गेला. आबांनी त्याला चहा पाजला आणि सायकल हातानं उचलून बघितली. म्हणाले, "लय हलकी हाय की रं." मग मेंढरं कुठल्या वेळेला कुठं असतात, कुत्रं कुठल्या बाजूला बसतं, हे सगळं सांगितलं. भाच्यानं ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं. ग्रुपवरच्या त्या तांबड्या रेघेतला गवतातला तुकडा त्यानं स्वतः खोडला आणि नवा नकाशा टाकला. चौघांनी अंगठा दिला, दोघं म्हणाले मजा गेली.

दोघांची मजा गेली तर जाऊ द्या.

कळस, कडबनवाडी, शेळगाव, रुई, न्हावी, निरगुडे या बाजूच्या मंडळींनी आपल्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, ही हात जोडून विनंती. सरपंच, सदस्य, सायकल ग्रुपवाले, मेंढपाळ बांधव, ज्यांच्यापर्यंत पोस्ट पोचेल त्यांनी मत मांडा. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर का नाही पटलं ते लिहा, मी उत्तर देईन. आणि कडबनवाडीच्या बाजूला सायकल घेऊन येणार असाल तर आधी सांगा. जुनी गाडीवाट दाखवायला मी येतो.